एका वेळी एकच काडतूस: नेमबाजीच्या जुन्या रायफलींचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने बंदुकीवर बोलायला उभं राहावं, याचं काहींना नवल वाटेल. पण वस्तू बोलतात, यावर माझा विश्वास आहे. एखाद्या काळाला कशाची भीती वाटत होती आणि त्याला माणसाकडून काय हवं होतं, हे त्या काळाच्या ग्रंथांपेक्षा त्याच्या वस्तूंत कधीकधी जास्त स्पष्ट दिसतं. आजची आपली वस्तू आहे पॉइंट टू-टू बोअरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी, नेमबाजीसाठी बनवलेली जुनी रायफल. तुमच्यापैकी जे कॉलेजात एन.सी.सी.त होते, त्यांनी हिची बहीण हाताळलेली असेल.

प्रश्न साधा आहे. १९१२ साली, म्हणजे एकामागून एक दहा गोळ्या झाडणाऱ्या रायफली लष्करात रुळून वीस-चोवीस वर्षं झाल्यावर, बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या कारखान्याने मुद्दाम एकेरी गोळीची नवी रायफल बाजारात का आणली? आणि आज शंभर-एक वर्षांनंतरही लोक ती शोधून शोधून विकत का घेतात?

सुरुवात काडतुसापासून करू, कारण रायफल ही काडतुसाभोवती बांधलेली असते. १८४५च्या सुमाराला पॅरिसमध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिराने एक युक्ती केली. तेव्हाच्या बंदुकांना ठिणगीसाठी तांब्याची लहानशी केप लागायची. फ्लोबेरने त्या केपेतच छोटी गोळी बसवली. दारू जवळजवळ नाहीच. हा खेळ होता दिवाणखान्यात नेम मारण्याचा. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी हीच कल्पना वाढवून दारू भरलेलं पॉइंट टू-टू शॉर्ट काडतूस आणलं. मग १८८७मध्ये स्टीव्हन्स कंपनीने जे काडतूस तयार केलं, ते पॉइंट टू-टू लाँग रायफल. आज जगात ऑलिंपिकपासून गावच्या क्लबापर्यंत तेच चालतं. त्यातली शिशाची गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमपेक्षा थोडी जास्त.

याला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. टोचणी त्या कडेवर आपटते, कड चेपली जाते आणि मसाला पेटतो. कड चेपावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, आणि पितळ पातळ म्हणून दाब कमीच ठेवावा लागतो. एक मर्यादा दुसरीला जन्म देते. पण याच मर्यादेमुळे हे काडतूस स्वस्त झालं, आवाज लहान राहिला, खांद्याला धक्का बसेना, आणि पंचवीस यार्डांच्या तळघरातही सराव करता येऊ लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या स्वस्तपणावर उभा आहे.

आता यंत्राकडे वळू. १८६२ साली बॉस्टनच्या हेन्री पीबडीने एक पेटंट घेतलं. नळीच्या मागे एक लोखंडी ठोकळा, मागच्या टोकाला बिजागरीसारखा अडकवलेला. खालचा लिव्हर ओढला की ठोकळ्याचं पुढचं टोक खाली झुकतं, काडतूस घालायचं, लिव्हर परत आणला की दार बंद. पीबडीच्या बंदुकीला बाहेर मोठा घोडा होता. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्रीड्रिख फॉन मार्टिनीने तो काढून टाकला आणि टोचणी व स्प्रिंग ठोकळ्याच्या आतच बसवली. एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची नळी जोडून १८७१ साली ब्रिटिश लष्कराने जी रायफल स्वीकारली, ती मार्टिनी-हेन्री. साम्राज्याच्या कितीतरी लढाया तिने लढल्या. १८८८मध्ये मॅगझिनची ली-मेटफर्ड आली आणि मार्टिनीचं यंत्र लष्करी दृष्टीने म्हातारं झालं.

म्हातारं झालं, पण संपलं नाही. त्याला दुसरा जन्म मिळाला तो एका पराभवातून.

डिसेंबर १८९९. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी एका आठवड्यात तीन ठिकाणी ब्रिटिश फौजेचा पराभव केला: स्टॉर्मबर्ग, माखर्सफोन्टेन आणि कोलेन्सो. ब्रिटनमध्ये त्या आठवड्याला काळा आठवडा म्हणतात. कोलेन्सोला लॉर्ड रॉबर्ट्स यांचा एकुलता मुलगा प्राणघातक जखमी झाला, आणि त्याच सुमारास रॉबर्ट्स यांची सरसेनापती म्हणून आफ्रिकेवर नेमणूक झाली. घरी एकच चर्चा होती. बोअर हे काही पेशाने सैनिक नाहीत, ते शेतकरी. पण लहानपणापासून बंदूक हातात असल्याने त्यांची गोळी वाया जात नाही. उलट आपला गिरणी कामगार, खाणीतला मजूर, कारकून, यांनी जन्मात रायफल धरलेली नाही. उद्या शत्रू आपल्या किनाऱ्यावर उतरला तर?

या भीतीतून १९०१ साली एक संस्था उभी राहिली, तिच्या नावातच सगळं आहे: श्रमिकांच्या रायफल क्लबांची संस्था. रॉबर्ट्स तिचे मोठे पाठीराखे. १९०३मध्ये तिचं रूप बदलून मिनिएचर रायफल क्लबांची संस्था झाली. मिनिएचर म्हणजे बोअर छोटा, अंतर छोटं, खर्च छोटा. शहरातल्या मजुराला मैलभर मोकळं मैदान कुठून मिळणार? त्याला कामावरून सुटल्यावर, गल्लीजवळ, दोन पैशांत सराव करता आला पाहिजे. म्हणून पॉइंट टू-टू. तळघरं, गोदामं, शाळांची सभागृहं इथे हे क्लब भरू लागले. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छोट्या बोअरच्या रायफलीच्या स्पर्धाही झाल्या. व्हिस्कीचे व्यापारी थॉमस ड्यूअर यांनी एक चषक दिला. त्यासाठी १९०९पासून ब्रिटन आणि अमेरिकेसारखे देश आपापल्या मैदानावरच नेम मारायचे आणि मग गुणांचा हिशेब जुळवायचे. पत्राने खेळलेलं बुद्धिबळ असतं ना, तसंच हे.

दुसरीकडे बी.एस.ए. हा १८६१मध्ये सुरू झालेला बर्मिंगहॅमचा बंदुकांचा कारखाना. युद्ध संपलं की लष्करी मागणी आटते आणि यंत्रं रिकामी पडतात. त्यांनी मार्टिनीचं यंत्र लहान केलं आणि क्लबांसाठी रायफली काढल्या. वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर, बेल्जियमचा फ्रँकॉट यांनीही छोट्या मार्टिनी केल्या. बी.एस.ए.ची मॉडेल १२, मग मॉडेल १५, पुढे दोन्हींचा मेळ घातलेली १२/१५, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९५०पासून इंटरनॅशनल या नावाची मालिका. अमेरिकेत हेच काम स्टीव्हन्स आयडियल आणि विंचेस्टरची १८८५ची एकेरी गोळीची रायफल करत होती. विंचेस्टरचं यंत्र निराळं, ठोकळा झुकत नाही, सरळ खाली सरकतो. पण तत्त्व तेच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मॅगझिन असताना एकच काडतूस का? पहिलं कारण यांत्रिक आहे. शिशाची गोळी मऊ असते. मॅगझिनमधून वर चढताना तिचं नाक खरचटतं, आणि खरचटलेली गोळी सरळ जात नाही. हाताने, थेट नळीच्या तोंडाशी ठेवलेली गोळी जशीच्या तशी आत जाते. शिवाय यंत्रात मॅगझिनसाठी पोकळी सोडावी लागत नाही, त्यामुळे सांगाडा घट्ट राहतो. मार्टिनीत टोचणीला फार थोडं अंतर कापायचं असतं, म्हणून चाप ओढणं आणि गोळी सुटणं यांच्यामध्ये हात हलायला फारसा वेळच मिळत नाही.

दुसरं कारण शिकवण्याचं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मॅगझिन तुम्हाला पुढच्या गोळीचं आश्वासन देतं. एकेरी रायफल तसं आश्वासन देत नाही. प्रत्येक गोळीनंतर थांबावं लागतं, लिव्हर ओढावा लागतो, रिकामं पितळ काढावं लागतं, नवं काडतूस अंगठ्याने आत ढकलावं लागतं, आणि सगळं पहिल्यापासून. ॲरिस्टॉटल म्हणतो की घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो आणि न्यायाची कृत्यं करून करून न्यायी होतो. सवय हीच घडवते. या रायफलीमागची श्रद्धा नेमकी हीच आहे: नेमबाज जन्माला येत नाही, तो घडवता येतो, आणि तो कोणातूनही घडवता येतो. मजुरातूनसुद्धा.

इथे थोडं थांबू. कारण हीच श्रद्धा बाळगणाऱ्या लॉर्ड रॉबर्ट्स यांचं आपल्याशी एक नातं आहे, आणि ते फार सुखाचं नाही.

रॉबर्ट्स यांचा जन्म कानपूरचा, १८३२चा. १८५७च्या उठावात ते लढले, पुढे काबूल-कंदाहारची मोहीम गाजवली, आणि १८८५ ते १८९३ या काळात ते हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. लढाऊ जातींच्या सिद्धांताचे ते सर्वांत वजनदार पुरस्कर्ते. त्यांच्या मते लढण्याचा गुण गुरखे, शीख, पठाण अशा उत्तरेकडच्या लोकांच्या रक्तात आहे. दक्षिणेकडच्या लोकांत तो नाही. या विचाराचा परिणाम मुंबई लष्करावर झाला. १८१८मध्ये कोरेगावला कंपनीच्या बाजूने लढलेल्या महार सैनिकांच्या वारसांना १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला भरतीचं दार बंद झालं. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला. सुभेदार रामजींसारख्या माणसांनी ज्या लष्करात शिक्षण आणि मान मिळवला, तो रस्ताच त्यांच्या पुढच्या पिढीपुढे बंद झाला. शिवराम जानबा कांबळे १९१०मध्येही हीच मागणी करत होते.

आणि बाकीच्या समाजाचं काय? लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८चा हत्यारांचा कायदा. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येणार नाही, युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव होत होते. म्हणजे चित्र कसं दिसतं बघा. १९०१ साली लंडनमध्ये एक सेनापती म्हणतो की सामान्य माणसाला शिकवलं तर तो नेम धरू शकतो, त्याच्या हाती रायफल द्या. आणि त्याच सेनापतीच्या कारकिर्दीतल्या धोरणाने इथे सांगितलं होतं की काहींना कितीही शिकवा, त्यांच्या रक्तातच ते नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल. (हशा)

आपल्या परंपरेत एकलव्याची कथा आहे. कौशल्य शिकून येतं हे त्याने सिद्ध केलं, आणि नेमकं म्हणूनच त्याचा अंगठा मागितला गेला. एखाद्याला खरोखरच शिकता येत नसेल, तर त्याला शिकण्याची बंदी घालावी लागत नाही. बंदी घालावी लागते, याचाच अर्थ त्याला ते येईल याची बंदी घालणाऱ्याला खात्री असते.

ब्रिटनमध्येही हा विश्वास फार टिकला नाही, हेही सांगायला हवं. रशियात क्रांती झाली, घरी संप सुरू झाले, आणि ज्या मजुराच्या हाती १९०१मध्ये रायफल द्यायची होती, त्याचीच १९२०मध्ये भीती वाटू लागली. त्या वर्षीच्या कायद्याने रायफल बाळगायला पोलिसांचं प्रमाणपत्र लागू लागलं. क्लब मात्र चालू राहिले. युद्धाची तयारी म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू नुसता खेळ झाली. १९४७मध्ये संस्थेने आपलं नावही बदललं आणि ती राष्ट्रीय स्मॉलबोअर रायफल संघटना झाली.

आता या रायफली आज कोण घेतं, कशी घेतं? ब्रिटनमध्ये क्लबाचा सभासद असलेला माणूस प्रमाणपत्र काढून जुनी मार्टिनी घेऊ शकतो, आणि नव्या स्पर्धेच्या रायफलीच्या किमतीच्या लहानशा हिश्शात ती मिळते. वय शंभरीच्या घरात असलं म्हणून ती केवळ शोभेची वस्तू ठरत नाही. तिचं काडतूस आजही दुकानात मिळतं, म्हणून कायदा तिला जिवंत शस्त्र मानतो. आपल्याकडेही १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतोच. तेव्हा आधी कागद, मग रायफल.

जाणता गिऱ्हाईक पहिल्यांदा नळी बघतो. मागून उजेड धरायचा आणि पुढून पाहायचं. जुन्या काडतुसांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर मिठासारखा क्षार मागे राहतो, तो हवेतली ओल शोषतो आणि पोलाद खातो. न गंजवणारा मसाला १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून रुळू लागला. म्हणजे त्याआधीची नळी आज स्वच्छ असेल, तर कोणीतरी रोज संध्याकाळी, दमून आल्यावरही, ती पुसली आहे. हा मला इतिहासाचा सर्वांत विश्वासू पुरावा वाटतो. त्या माणसाचं नाव कुठे नोंदलेलं नाही, पण त्याची शिस्त नळीत शिल्लक आहे.

मग नळीचं तोंड पाहायचं. अनेक मार्टिनी तोंडाकडून साफ केल्या जात. गज निष्काळजीपणे घातला असेल तर तोंडाशीच पिळाच्या खाचा झिजतात आणि नेम जातो. नळीत मध्येच काळं वर्तुळ दिसलं तर समजायचं, एक गोळी आत अडकलेली असताना मागून दुसरी झाडली गेली आणि नळी तिथे फुगली. काडतूस बसतं ती जागा तपासायची: रिकाम्या रायफलीचा चाप वारंवार ओढला असेल, तर टोचणीने कडेवर खड्डा पाडलेला असतो. शॉर्ट काडतुसं फार झाडली असतील तर पुढचा भाग खरवडला जातो, आणि लाँग रायफलचं पितळ अडकून बसतं. दस्ता मनगटाशी तडकलाय का, स्क्रूंची डोकी चेचलीत का, मागचं अॅपर्चर साइट मूळचं आहे का, हेही बघतात. पार्कर-हेलची साइट जागेवर असेल तर सौदा बरा; ती वेगळी शोधायची म्हणजे खिशाला चाट. काही रायफली मुळात पॉइंट टू-टू नसतातच. ऑस्ट्रेलियातल्या कॅडेटांसाठी पॉइंट थ्री-वन-झीरो बोअरच्या मार्टिनी बनल्या होत्या, त्यातल्या कित्येकांत नंतर आतून नवी नळी बसवली गेली. त्या वाईट असतात असं नाही, पण आपण काय घेतोय ते कळलं पाहिजे. आणि फ्लोबेरच्या जातीच्या जुन्या नाजूक बंदुकांत आजचं काडतूस घालू नये. कोणतीही जुनी रायफल आधी कारागिराला दाखवावी, मग झाडावी.

झाडताना काय होतं? पालथं झोपायचं, पट्टा डाव्या दंडाला आवळायचा, म्हणजे वजन स्नायूंवर न राहता हाडांवर येतं. माशी, मागचं छिद्र आणि लक्ष्य एका रेषेत. श्वास अर्धा सोडून थांबवायचा. चाप खेचायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं, कारण ती अजून नळीत आहे. नेहमीच्या स्पर्धेच्या काडतुसाची गोळी ध्वनीपेक्षा किंचित हळू जाते. मोठ्या वेगाच्या गोळीचा वेग वाटेत ध्वनीच्या खाली उतरतो तेव्हा ती डगमगते, म्हणून ही हळू गोळीच बरी. ड्यूअर चषकाच्या पद्धतीत पन्नास यार्डांवर वीस आणि शंभर यार्डांवर वीस अशा चाळीस गोळ्या. चाळीस वेळा पहिल्यापासून सुरुवात. अशी जुनी, नीट राखलेली मार्टिनी आजही क्लबाच्या स्पर्धेत मान खाली घालायला लावत नाही. शेवटच्या गुणापर्यंतची चुरस मात्र १९५०च्या दशकापासून जर्मन अॅनशुट्झसारख्या बोल्टच्या रायफलींनी जिंकली. त्यांचा दस्ता एकसंध, चाप अधिक हलका. मार्टिनी स्पर्धेतून मागे पडली ती अशी.

यंत्र गेलं, पण नियम उरला. आजही पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रायफलीत एका वेळी एकच काडतूस हाताने घालावं लागतं. १९७६च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत होते, आणि मार्गारेट मर्डॉकने लॅनी बॅशमच्या बरोबरीचे गुण मिळवले. नियमाने तिला रौप्य मिळालं, तेव्हा बॅशमने तिला आपल्याबरोबर वरच्या पायरीवर घेतलं. २०१०मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने याच काडतुसाने सुवर्ण जिंकलं. २०२४मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. रॉबर्ट्स यांच्या यादीत ज्या प्रदेशाला जागा नव्हती, तिथलीच ही माणसं.

मी हे अभिमान म्हणून सांगत नाही. पुरावा म्हणून सांगतो. कागदाच्या लक्ष्याला पडलेलं भोक नेमबाजाची जात, वंश, वर्ग, लिंग यांतलं काहीच सांगत नाही. ते एवढंच सांगतं की त्या क्षणी एका माणसाचं लक्ष ढळलं नव्हतं. ही रायफल साम्राज्याने भीतीपोटी बनवली, आणि तिनेच साम्राज्याचा एक आवडता सिद्धांत खोटा पाडला. वस्तू कोणत्या हेतूने बनली आणि ती शेवटी काय सिद्ध करते, यांत असं अंतर पडू शकतं. म्हणून जुनी वस्तू विकत घेताना तिची किंमत जरूर करा, तिची नळी तपासा, कागदपत्रं बघा. आणि ती कोणाच्या हाती द्यायचं नाकारलं होतं, तेही एकदा विचारा.